फुकट, मुक्त आणि कवटीतलं भोक

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण व्हायवाला किती वेळा गप्प बसतो याचा हिशोब कुणी ठेवत नाही. एक्स्टर्नल विचारतो, आपण छताकडे बघतो, गाइड सर मध्ये पडतात आणि गाडी पुढे सरकते. पण गेल्या सेमिस्टरला मला असा एक प्रश्न ऐकावा लागला, की त्याच्यापुढे गप्प बसल्याची लाज अजून गेलेली नाही. विचारणारा एक्स्टर्नल नव्हता, सर्जन होता. आणि विषय होता एका माणसाच्या कवटीचा.

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट असा: पेशंटच्या सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर कवटीचं त्रिमितीय मॉडेल तयार करायचं आणि कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर ते छापायचं. चेहऱ्याच्या हाडांची ऑपरेशनं करणारे शहरातले एक सर्जन आमच्या सरांच्या ओळखीचे. त्यांनी पेशंटला विचारून एका स्कॅनची सीडी आम्हाला दिली. बाइकवरून पडलेला तरुण, मार डाव्या डोळ्याखाली. (सीडी हातात आल्यावर पहिला अर्धा दिवस सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर शोधण्यात गेला. तो शेवटी ऑफिसात सापडला!) महिनाभर खपून आम्ही कवटी छापली. लाइट गेल्यामुळे दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. शेवटी एकदाची ती मेसच्या डब्यात कापूस घालून, मांडीवर धरून, रिक्षानं दवाखान्यात नेली. आम्ही चौघंही त्या दिवशी इस्त्रीचे शर्ट घालून गेलो होतो.

डॉक्टरांनी कवटी हातात घेतली, दोनदा फिरवली आणि उजव्या डोळ्याच्या खोबणीत करंगळी घातली. करंगळी आरपार खाली गेली.

"मार डावीकडे लागलाय," ते म्हणाले. "मग उजवीकडे हे भोक कशाचं? हे खरं आहे, की तुमच्या सॉफ्टवेअरनं पाडलंय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्यातला एकजण धीर करून म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरनं तसंच दिलं."

डॉक्टर नुसते हसले. ते हसणं एक्स्टर्नलच्या रागापेक्षा जास्त लागलं.

हा लेख त्या भोकाबद्दल आहे. आणि ते भोक कुठून आलं हे शोधताना मला पटलेल्या एका गोष्टीबद्दल: सॉफ्टवेअर फुकट असणं ही फार मोठी बाब नाही. ते उघडून बघता येणं, ही आहे.

आता आपल्या होस्टेलची रीत तुम्हाला माहीत आहेच. इथे कुणी सॉफ्टवेअर विकत घेतलं असं सांगितलं, तर लोक आधी त्याची तब्येत विचारतील. पेनड्राइव्ह फिरतो, त्यात एक 'क्रॅक' नावाचं फोल्डर असतं, आणि सोबत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मंत्र: "अँटिव्हायरस बंद कर, मग चालेल." आम्हीही आधी तेच केलं. मेडिकल मॉडेलिंगचं एक महागडं पॅकेज कुठून तरी मिळवलं. त्यानं कवटी काही दिली नाही, पार्टनरच्या लॅपटॉपची मात्र वाट लावली. मग नाइलाजानं नेटवर शोधलं आणि इनव्हेसॅलियस नावाचं सॉफ्टवेअर सापडलं. क्रॅक नको, लायसन्सचा नंबर नको, साध्या लॅपटॉपवर चालतं. खरं सांगतो, तेव्हा आमच्या मनात कुठलंही तत्त्व वगैरे नव्हतं. फुकट होतं म्हणून घेतलं.

सीटी मशीन शरीराचे आडवे काप काढून देतं, चकत्या कापाव्यात तसे. प्रत्येक काप म्हणजे साधारण ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचं चित्र, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा. त्या जागेनं एक्स-रे किती अडवला, त्याचा. या आकड्यांच्या मापाला गॉडफ्री हाउन्सफिल्डचं नाव आहे. पाणी ०, हवा उणे १०००, आणि हाड दोनअडीचशेच्या पुढे थेट हजारच्या वर. हा हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हता बरं का, इंजिनिअर होता. विद्यापीठाची डिग्रीही नव्हती, डिप्लोमा होता! १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये त्याच्या मशीनवर पहिल्या पेशंटचा मेंदू स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅकबरोबर त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

हे सगळे काप डायकॉम नावाच्या फाइलींत येतात. सॉफ्टवेअर ते एकावर एक रचतं आणि विचारतं, यातलं हाड कुठलं? इथे येतो थ्रेशोल्ड. आपल्या भाषेत उंबरठा. इनव्हेसॅलियसमध्ये 'हाड' हा पर्याय निवडला की २२६ ते ३०७१ हे आकडे आपोआप बसतात. वरचा ३०७१ का, तर हे आकडे १२ बिटांत ठेवतात, म्हणजे ४०९६ पायऱ्या, उणे १०२४ पासून ३०७१ पर्यंत. थोडक्यात, २२६ चा उंबरठा ओलांडून आत आला तो ठिपका हाड. बाहेर राहिला तो हाड नाही. मधलं काही नाही.

मग या निवडलेल्या ठिपक्यांवर कातडं चढवायचं काम 'मार्चिंग क्यूब्ज' ही पद्धत करते. आठ शेजारी ठिपक्यांचा एक घन घ्यायचा. प्रत्येक कोपरा आत किंवा बाहेर, म्हणजे २ चा आठवा घात, २५६ शक्यता. फिरवाफिरवी करून सारख्या दिसणाऱ्या एकत्र केल्या की उरतात फक्त १५. प्रत्येकीसाठी त्रिकोण कसे काढायचे ते आधीच तक्त्यात लिहून ठेवलेलं. लॉरेन्सन आणि क्लाइन या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी १९८७ मध्ये हे मांडलं. त्यावर पेटंट होतं, ते २००५ मध्ये संपलं. तोवर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना वळसा घालून दुसऱ्या पद्धती वापराव्या लागायच्या. एका तक्त्यावरचं कुलूप किती लोकांची वाट अडवतं बघा!

आता भोकाकडे येऊ.

डोळ्याच्या खोबणीची फरशी म्हणजे हाडाचा पापड. बऱ्याच जागी १ मिलिमीटरपेक्षाही पातळ. आमच्या सीडीवरचे काप होते ३ मिलिमीटरचे. शिवाय ही फरशी जवळजवळ आडवी आणि कापही आडवे. म्हणजे एकाच ठिपक्यात वरची चरबी, मधलं हाड आणि खालच्या सायनसची हवा, सगळं एकत्र. मशीन त्याची सरासरी देतं. समजा, ठिपक्यात पाव भाग हाड आहे (आकडा ७००), अर्धा भाग चरबी (उणे १००) आणि पाव भाग हवा (उणे १०००). १७५ वजा ५० वजा २५०, उत्तर उणे १२५. हाड तिथे आहे, धडधडीत आहे, पण आकडा उणे १२५! उंबरठा २२६ चा. ठिपका बाहेर, आणि पापडाला भोक. त्यावर 'मॉडेल गुळगुळीत दिसावं' म्हणून आम्ही स्मूदिंगही मारलेलं. उरलेसुरले पातळ काठही त्यात गेले.

म्हणजे उजवीकडचं भोक खोटं होतं. पण खरी भीती वाटली ती त्यानंतर. उजवीकडे खोटं भोक पडतं, तर डावीकडे, जिथे हाड खरोखर मोडलंय, तिथल्या भोकात खरं किती आणि खोटं किती? असल्या मॉडेलवर ठेवून काही ठिकाणी सर्जन टायटॅनियमची जाळी ऑपरेशनच्या आधीच वाकवून घेतात. आम्ही डॉक्टरांच्या हातात कवटी दिली होती आणि तिच्यातल्या ज्या एका जागेसाठी ती बनवली, नेमकी तीच जागा आम्हाला माहीत नव्हती. उजवीकडे मार नव्हता म्हणून चोरी पकडली गेली, एवढंच.

इथे कुणी म्हणेल, बघा, फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच असतं! तर नाही. प्रामाणिकपणे सांगतो, तोच स्कॅन आणि तोच उंबरठा दिला असता तर लाखो रुपयांच्या पॅकेजनंही हेच भोक पाडलं असतं. हा सरासरीचा दोष आहे, किमतीचा नाही. फरक पुढे आहे. पैसे भरून पॅकेज घेतलं असतं तर विचारायला कंपनीचा माणूस मिळाला असता. मुक्त सॉफ्टवेअर घेतलं तर उघडून बघता येतं. त्या २२६ चा पत्ता आम्हाला इनव्हेसॅलियसच्या सोर्समध्येच लागला. साध्या पायथॉनच्या फाइलीत हाड, मऊ भाग, दातांचं इनॅमल अशी नावं आणि पुढे आकडे. कुणीही वाचावेत असे. मोठ्यांच्या भरीव हाडासाठी वेगळा पल्ला, पोकळसर हाडासाठी वेगळा. ते बघितल्यावर आमच्या डोक्यात उजेड पडला की हा काही ब्रह्मलिखित आकडा नाही. कुणीतरी विचार करून ठेवलेली ती एक सुरुवात आहे, आणि पुढची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे.

आणि क्रॅक? क्रॅकवाल्याला यातलं काहीच नाही. कंपनीला विचारायची सोय नाही, कारण चोरीचा माल. आत बघायची सोय नाही, कारण कुलूप. म्हणजे दोन्ही दुनियांतलं वाईट तेवढं आपल्या वाट्याला. आपण म्हणतो 'लाखाचं सॉफ्टवेअर फुकटात मिळालं'. मिळत काहीच नाही, नुसती बटणं मिळतात.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबले आहेत आणि त्यामुळे त्यांचा घोळ होतो. मराठीत सुदैवानं दोन सरळ शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. क्रॅक फुकट असतो, मुक्त नसतो. मजा म्हणजे इनव्हेसॅलियस ज्या देशातून आलं त्या ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येही असेच दोन शब्द आहेत, 'ग्रातिस' म्हणजे फुकट आणि 'लिव्री' म्हणजे मुक्त. ते लोक म्हणतात 'सॉफ्टवेअर लिव्री'.

ब्राझीलची ही गोष्ट आपण समजून घ्यावी अशी आहे. साओ पावलोपासून सुमारे १०० किलोमीटरवर कांपिनास नावाचं शहर आहे. तिथे १९८२ मध्ये स्थापन झालेली एक सरकारी संशोधन संस्था आहे, आज ती सीटीआय रेनातो आर्चर या नावानं ओळखली जाते. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेनं आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि त्यातून सर्वांसाठीची सरकारी आरोग्यसेवा उभी राहिली. आता हक्क लिहिला म्हणून सॉफ्टवेअर मिळत नाही. चेहऱ्यात गंभीर व्यंग असलेल्या पेशंटांच्या ऑपरेशनांची तयारी करायला सरकारी इस्पितळांना मॉडेलं हवी होती आणि परदेशी पॅकेजं परवडत नव्हती. म्हणून २००१ मध्ये या संस्थेनं स्वतःच सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. २००७ मध्ये ते सरकारच्या सार्वजनिक सॉफ्टवेअरच्या पोर्टलवर सगळ्यांसाठी खुलं झालं. लायसन्स जीपीएल: वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. फक्त बदल करून वाटलंत तर तुमचा सोर्सही असाच उघडा ठेवा.

नावही विचार करून ठेवलेलं आहे. आंद्रेआस व्हेसॅलियस, १५१४ ते १५६४, पाडुआ विद्यापीठातला शरीरशास्त्राचा प्राध्यापक. त्याच्या आधी तेराशे वर्षं लोक गॅलनचा ग्रंथ प्रमाण मानायचे. प्राध्यापक उंच खुर्चीत बसून गॅलन वाचायचा, खाली दुसराच माणूस प्रेत कापायचा, आणि दोन्ही जुळलं नाही तरी ग्रंथ बरोबर! गॅलननं लिहिलं होतं की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. त्याची माहिती बरीचशी प्राण्यांवरून आलेली. व्हेसॅलियस खुर्चीतून खाली उतरला, सुरी स्वतः हातात घेतली आणि १५४३ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं की जबडा एकाच हाडाचा असतो. "सर, सॉफ्टवेअरनं तसंच दिलं" हे आमचं उत्तर आठवा. आम्ही त्या उंच खुर्चीतच बसलो होतो. फक्त गॅलनच्या जागी लॅपटॉप होता.

अर्थात इनव्हेसॅलियसही एकट्याच्या जिवावर उभं नाही. त्याच्या पोटात व्हीटीके नावाची लायब्ररी आहे. ती १९९३ मध्ये तिघा इंजिनिअरांनी एका पुस्तकाच्या सोबतीला म्हणून लिहायला घेतली. त्या तिघांतला एक, तोच मार्चिंग क्यूब्जवाला लॉरेन्सन. बोस्टनच्या एका हॉस्पिटलातल्या आणि एमआयटीतल्या मंडळींनी १९९८ च्या सुमारास सुरू केलेलं थ्रीडी स्लायसर हे आणखी मोठं मुक्त सॉफ्टवेअरही व्हीटीकेवरच उभं आहे. म्हणजे आम्ही होस्टेलच्या खोलीत बसून एक बटण दाबतो, तेव्हा त्यामागे ब्राझीलच्या करदात्याचे पैसे असतात, अमेरिकेतल्या कुणाची रात्रपाळी असते आणि कुठे कुठे पसरलेल्या स्वयंसेवकांची भाषांतरं असतात. एवढं सगळं घेऊन आपण परत काय देतो? 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपल्यासाठीच आहे असं मला हल्ली वाटतं.

माझ्या या म्हणण्यावर होस्टेलात बरेच वाद झाले. त्यातले तीन आक्षेप इथे घेतो.

पहिला: 'प्लेसमेंटला कंपनी मोठ्या पॅकेजचं नाव विचारते, तुझं ब्राझीलचं कोण विचारतं?' खरं आहे. ज्याला ते पॅकेज शिकायचंय त्यानं शिकावं, कॉलेजनं लायसन्स घेतलं असेल तर लॅबमध्ये बसून शिकावं. पण ठिपका, उंबरठा, सरासरी, त्रिकोण हे सगळीकडे तेच आहे. बटणांच्या जागा चार दिवसांत कळतात.

दुसरा: 'आता एआय आलाय, उंबरठा-बिंबरठा कशाला?' तोही खराच. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या मंडळींनी टोटलसेगमेंटेटर नावाचं मुक्त साधन केलं आहे. त्यांच्या २०२३ च्या शोधनिबंधातलं मॉडेल सीटीमधले १०४ अवयव आणि हाडं आपोआप वेगळी काढतं. पण 'हे भोक खरं की तुम्ही पाडलेलं' हा प्रश्न एआयलाही लागू आहेच. उलट जास्तच लागू आहे. कारण एआय भोक पाडू शकतो, तसं खरं भोक बुजवूही शकतो, आणि तेही अगदी गुळगुळीत.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि तो आमच्या गाइड सरांचा: 'काही चुकलं तर जबाबदार कोण?' जीपीएलमध्ये स्वच्छ लिहिलंय की कसलीही हमी नाही. थ्रीडी स्लायसरवालेही सांगतात की ते संशोधनासाठी आहे, उपचारासाठी मंजूर झालेलं नाही. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाचं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत धरलं जातं. म्हणजे फायनल इयरच्या चार पोरांनी कवटी छापावी आणि तिच्यावर ऑपरेशन व्हावं, असं मुळीच होता कामा नये. सर, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण शिकायला, पेशंटला समजावून सांगायला, डॉक्टरांच्या विद्यार्थ्यांना दाखवायला ही मॉडेलं उपयोगी पडतात. आणि हमी नाही हे कागदावर लिहिलेलं असलं की माणूस निदान तपासून बघतो. क्रॅकवर कुणी कधी असला कागद वाचलाय?

जबाबदारीवरून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती सांगताना आम्हीच उघडे पडतो, पण सांगतो.

एका रात्री आमच्या खोलीत सातआठ जण जमले होते. प्रोजेक्ट दाखव म्हणाले. मी उंबरठा खाली ओढला, हाडाच्या जागी कातडीची निवड झाली, आणि स्क्रीनवर एक चेहरा उभा राहिला. नाक, ओठ, सुजलेला डावा गाल, मिटलेले डोळे. खोलीतला आवाज एकदम बंद झाला. तोवर आमच्यासाठी तो 'डेटा' होता. आम्ही फाइलींतलं पेशंटचं नाव काढून टाकलं होतं आणि काम झालं असं समजत होतो. पण नाव काढलं तरी चेहरा आत होताच! आणि तो आमच्या तीन लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर पडून होता. तो पेनड्राइव्ह मधल्या काळात सिनेमे घेऊन दुसऱ्या विंगमध्येही जाऊन आला होता. त्या माणसानं डॉक्टरांवर विश्वास ठेवून परवानगी दिली होती, आमच्या विंगला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या जादा कॉप्या पुसल्या आणि डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते रागावले, आणि रागवायलाच हवं होतं. आता स्कॅन एकाच मशीनवर, पासवर्डखाली असतो. ज्यांना नुसता हात साफ करायचाय त्यांच्यासाठी सरावाला खुले केलेले नमुना-स्कॅन नेटवर मिळतात, तेच वापरायचे. सॉफ्टवेअर मुक्त आहे, पेशंट नाही. ही गोष्ट आम्हाला कुठल्याही विषयाच्या सिलॅबसमध्ये कुणी सांगितली नव्हती.

तर आता मागणं. नुसती टीका करून लेख संपवायचा हा आपल्या वार्षिकाचा जुना रोग आहे, म्हणून नेमकं लिहितो.

एक, कॅड लॅबच्या मशीनवर इनव्हेसॅलियस आणि थ्रीडी स्लायसर दोन्ही बसवावीत. बजेट लागत नाही, एक दुपार लागते. बसवायला आम्ही येतो.

दोन, प्रोजेक्टच्या मार्कांत 'नवीन सॉफ्टवेअर बनवलं' याचाच आग्रह धरू नये. आपण दरवर्षी नवीन बनवतो आणि ते दरवर्षी रिपोर्टच्या बाइंडिंगमध्ये मरतं. त्यापेक्षा चालू असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरमधली एक चूक नीट शोधली, ती दुसऱ्याला पुन्हा करून बघता येईल अशी लिहून कळवली, जमलं तर दुरुस्त करून पाठवली, तर त्याला पूर्ण मार्क द्यावेत. कोडिंग न येणाऱ्या मेकॅनिकलच्या पोरालाही हे जमतं. चूक नीट लिहिणं हीच अर्धी इंजिनिअरिंग आहे.

तीन, मराठीत एक छोटी पुस्तिका लिहू. सीटी सेंटरमधले टेक्निशियन, दातांच्या दवाखान्यातले मदतनीस, आयटीआयची पोरं यांना वाचता येईल अशी. 'थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा' इथून सुरू होणारी. कांपिनासच्या लोकांनी आपल्या भाषेत काम सुरू केलं, म्हणून ते त्यांच्या इस्पितळांपर्यंत पोचलं.

चार, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या प्रिंटरवरून असलं जे मॉडेल बाहेर पडेल त्याला एक चिठ्ठी बांधलेली असावी: काप किती मिलिमीटरचे, उंबरठा किती, स्मूदिंग केलं का आणि किती, हातानं कुठे भरलं, कुठल्या जागेची खात्री नाही. खाली बनवणाऱ्याची सही.

आमच्या दुसऱ्या कवटीला ती चिठ्ठी होती. डॉक्टरांनी सीटी सेंटरकडून त्याच स्कॅनचे १ मिलिमीटरहून बारीक काप मागवून दिले होते. त्यांवर उजवीकडचं भोक बरंच आकसलं, पण पूर्ण गेलं नाही. मग त्यांच्याच शेजारी बसून एकेक काप बघितला. जिथे पुसटशी का होईना, रेघ दिसत होती, तिथे इनव्हेसॅलियसच्या ब्रशनं हातानं हाड भरलं. डावीकडचं भोक राहिलं. ते खरं होतं, आणि पहिल्या मॉडेलवर होतं त्याच्यापेक्षा बरंच लहान होतं. हातानं भरलेली जागा छापून झाल्यावर आम्ही निळ्या मार्करनं रंगवली.

पुन्हा तोच मेसचा डबा, तोच कापूस. डॉक्टरांनी डबा उघडला, पण कवटीला हात लावायच्या आधी चिठ्ठी घेतली आणि पूर्ण वाचली. मग म्हणाले, "ऑपरेशनला मी माझे काप बघूनच जाणार. पण हे माझ्या विद्यार्थ्यांना दाखवीन. चिठ्ठीसकट."

एवढंच म्हणाले. आम्हाला तेवढं पुष्कळ झालं. बघा, पटतंय का!